आंबोलीचा जलविभाजक आणि ‘वाया जाणाऱ्या’ पाण्याचा इतिहास

सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या इतिहासात गेली शंभराहून अधिक वर्षे निरनिराळ्या स्वरूपांत उपस्थित होत आला आहे. कधी तो विजेच्या निमित्ताने निघाला, कधी दुष्काळाच्या, तर कधी राज्याराज्यांमधील वाटपाच्या. एका खोऱ्यातील पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळवावे की नाही, ह्यावर झालेल्या वादात दोन्ही पक्षांच्या तोंडी एक शब्दप्रयोग वारंवार येतो : ‘वाया जाणारे पाणी’. प्रस्तुत लेखात ह्या शब्दप्रयोगाचा इतिहास टाटांच्या जलविद्युत योजना, कोयना प्रकल्प व म्हादईचा तंटा ह्या तीन प्रकरणांच्या आधारे तपासावयाचा आहे. जलविभाजकाचे स्वरूप व त्यावर अवलंबून असलेली सृष्टी ही दोन्ही जेथे एकत्र पाहावयास मिळतात, असे स्थान म्हणून विवेचनाचा आरंभ आंबोलीपासून केला आहे.

१. जलविभाजकावरील गाव

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील आंबोली हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ल्याचे बंदर व बेळगावची लष्करी छावणी ह्यांना जोडणारा रस्ता ह्या घाटाने गेला आणि त्यामुळे वाटेवरचे थंड हवेचे ठिकाण म्हणून आंबोलीस महत्त्व आले. तळकोकण व घाटमाथा ह्यांचा सांधा म्हणून तिची ओळख त्यापूर्वीचीच आहे.

भूगोलाच्या दृष्टीने येथील विशेष असा की, दोन समुद्रांकडे जाणाऱ्या पाण्याची वाटणी येथे अगदी थोड्या अंतरात होते. गावाजवळच्या शिवमंदिरापाशी एका गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. पश्चिमेचा कडा येथून फार दूर नाही. निरभ्र दिवशी त्या कड्यावरून समुद्राची रेघ नजरेस पडू शकते. तरीही ही नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेकडे निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करून ती घटप्रभेस मिळते, घटप्रभा कृष्णेस, आणि अखेर हे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. उलट, ज्या सरी कड्याच्या पलीकडे पडतात त्या धबधब्यांच्या रूपाने तळकोकणात उतरून अल्पावधीतच अरबी समुद्रास मिळतात. उतारातील हा फरक, म्हणजे पश्चिमेस उभा कडा व पूर्वेस मंद ढाळ, पुढील सर्व वादाच्या मुळाशी आहे, हे आरंभीच लक्षात ठेवले पाहिजे.

आंबोलीस वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा पाहणाऱ्यास येथे पाण्याची ददात असेल अशी कल्पनाही येणार नाही. परंतु हा पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडून जातो आणि जांभ्याच्या सड्यावर तो फारसा टिकत नाही. कातळावरून काही वाहून जातो, काही जांभ्याच्या सच्छिद्र थरात उतरून कड्याकपारींतील झऱ्यांवाटे बाहेर पडतो. वर्षाच्या उत्तरार्धात, विशेषतः फाल्गुन-चैत्रात, नदीचा जो प्रवाह दिसतो तो ह्या झऱ्यांचा होय. म्हणजे वार्षिक बेरीज मोठी असली तरी उन्हाळ्यातील शिल्लक अल्पच असते, आणि जीवसृष्टीचे जगणे ह्या शिल्लकेवर अवलंबून असते.

ह्याची दोन उदाहरणे देता येतील. २०२० साली हिरण्यकेशीच्या उगमाजवळील मंदिराच्या कुंडातून माशाच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले व तिला नदीचेच नाव देण्यात आले : शिस्तुरा हिरण्यकेशी. पुढील वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने ह्या उगमस्थानास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. दुसरे उदाहरण आंबोलीच्या भेकाचे. २००९ साली वर्णिलेली ही जात अत्यंत संकटग्रस्त मानली जाते. पावसाच्या आरंभी सड्यावरील कातळाच्या उथळ खळग्यांत जे पाणी साचते, त्यात तिची वीण होते. ज्या पाण्यास कोणताही अभियंता ‘साठा’ म्हणणार नाही, ते ओंजळभर पाणी ह्या प्राण्याचे सर्वस्व आहे. पाणी किती आहे ह्याइतकेच ते कोठे, केव्हा व किती काळ आहे, ह्याला महत्त्व असते. पुढील इतिहासाचे वाचन ह्या दृष्टीने करावयाचे आहे.

२. पाण्याची उंची : टाटांच्या योजना

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पाणी मोठ्या प्रमाणावर पश्चिमेस वळविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न महाराष्ट्रात टाटांच्या जलविद्युत कंपन्यांनी केला. इंद्रायणी, आंध्रा व मुळा ह्या भीमेच्या खोऱ्यातील नद्यांच्या उगमप्रदेशात धरणे बांधावयाची, ते पाणी बोगद्यांतून व नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडावयाचे आणि त्या पडण्यापासून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना होती. खोपोलीचे केंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली व भिरा येथील १९२७ साली सुरू झाले.

येथे पाण्याचे मूल्य त्याच्या उंचीत होते. पूर्वेच्या मंद ढाळावरून वाहणारे पाणी वीज देण्यास असमर्थ, म्हणून ते पश्चिमेच्या कड्यावरून टाकणे शहाणपणाचे, असा हा हिशेब होता. ह्या योजनांना विरोध झाला तो मुळशी येथे. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे ह्यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ ह्या काळात झालेला मुळशी सत्याग्रह हा धरणविरोधी चळवळींच्या इतिहासातील आद्य अध्याय मानला जातो. तथापि त्या वादाच्या केंद्रस्थानी मावळ्यांची बुडणारी जमीन व वतनाचा हक्क हे विषय होते. पाणी खोऱ्याबाहेर नेण्याचा प्रश्न त्या वेळी गौण राहिला. ज्यांचे घर बुडत होते त्यांनी पुढील खोऱ्याची चिंता करावी अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे.

ह्या पाण्याचे पुढे काय झाले, ह्याकडे मात्र इतिहासकाराने लक्ष दिले पाहिजे. वीज निर्माण करून बाहेर पडलेले अवजल पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका ह्या नद्यांत सोडले जाते. कोकणच्या नद्यांचा स्वभाव पावसाळी. दिवाळीनंतर त्यांचे पात्र आटत जाते. ह्या नद्या मात्र अवजलामुळे बारमाही झाल्या. त्या बारमाही पाण्याच्या भरवशावर पाताळगंगेच्या काठी व रोह्यास रासायनिक कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि कालांतराने त्याच नद्यांचे प्रदूषण हा रायगड जिल्ह्यातील मोठा प्रश्न झाला. पाणी वळविल्याने देणाऱ्या खोऱ्यात तूट येते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु घेणाऱ्या नदीचा स्वभावही त्यामुळे पालटतो, हे ह्या उदाहरणावरून दिसून येते. दुसऱ्या बाजूस, भीमेच्या खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांतून हे पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडावे अशी मागणी अलीकडच्या काळात पुढे आली आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्याचे मोल उंचीत होते, त्याच पाण्याचे मोल आता ओलाव्यात मोजले जात आहे.

३. कोयना आणि लवादाचा हिशेब

स्वातंत्र्योत्तर काळात हाच विचार अधिक मोठ्या प्रमाणावर कोयनेत साकार झाला. १९६२ साली कोयना प्रकल्पाचा पहिला टप्पा कार्यान्वित झाला. कृष्णेची उपनदी असलेल्या कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीस उतरू लागले व वाशिष्ठीस मिळू लागले. सर्व टप्पे मिळून ह्या प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या औद्योगिक जीवनात ह्या विजेचे स्थान निर्विवाद मोठे आहे. ते नाकारून केलेली कोणतीही टीका एकांगी ठरेल.

१९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत ह्यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणीतंटा लवाद नेमण्यात आला. खोऱ्याबाहेर पाणी नेणे कायदेशीर आहे काय, हा प्रश्न लवादापुढे स्पष्टपणे आला आणि त्याचे उत्तर होकारार्थी मिळाले. १९७६ च्या अंतिम निर्णयात महाराष्ट्रास ५६० अब्ज घनफूट, कर्नाटकास ७०० अब्ज घनफूट व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी देण्यात आले. महाराष्ट्राच्या वाट्यातून कोयनेद्वारा पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घालण्यात आली व ती टप्प्याटप्प्याने ६७.५ अब्ज घनफुटांवर आणण्याचे ठरले. टाटांच्या योजनांसाठीही अशीच मर्यादा आखून देण्यात आली.

ह्या निवाड्याचे ऐतिहासिक महत्त्व दुहेरी आहे. एक तर त्याने राज्यांमधील कलहास न्यायाची चौकट दिली. दुसरे म्हणजे नदी ही विशिष्ट विश्वासार्हतेने मोजलेली एक वार्षिक रक्कम असून ती भागीदारांत वाटावयाची असते, ही कल्पना त्याने रूढ केली. ह्या भागीदारांत राज्ये होती. स्वतः नदी नव्हती. तिच्या पात्रात किमान किती पाणी राहावे, हा विचार दुसऱ्या कृष्णा लवादाच्या २०१० च्या निर्णयात आला व तेथे किमान प्रवाहासाठी वेगळे पाणी दाखविण्यात आले. दोन निर्णयांमध्ये सुमारे साडेतीन दशकांचे अंतर आहे. पर्यावरणाचा प्रश्न ह्या वादात किती उशिरा आला, ह्याचे हे चांगले माप आहे.

वीज दिल्यानंतर कोयनेचे अवजल वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीस जाते. तेथेही ‘हे पाणी वाया जाते’ असे म्हटले जाते आणि ते मुंबईस न्यावे अशी सूचना अनेकदा पुढे आली आहे. एकदा एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात आलेले पाणी तिसरीकडे नेण्यास पात्र ठरते, हे येथे ध्यानात घ्यावे. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहर बुडाले तेव्हा त्यात अवजलाचा वाटा किती, ह्यावर तीव्र वाद झाला. त्याचा निर्णय करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. एवढे खरे की, नदीचे स्वाभाविक पाणी व आणलेले पाणी ह्यांचा हिशेब एकदा मिसळला म्हणजे जबाबदारीचा हिशेबही अवघड होऊन बसतो.

४. म्हादई : दोन टक्क्यांचा प्रश्न

टाटांच्या योजना व कोयना ह्यांत पूर्वेचे पाणी पश्चिमेस आले. म्हादईच्या प्रकरणात दिशा उलट आहे. आंबोलीच्या दक्षिणेस, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावणारी ही नदी गोव्यात उतरून मांडवी होते. कळसा व भांडुरा ह्या तिच्या वरच्या नाल्यांचे पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवून हुबळी-धारवाड व परिसरातील गावांस पिण्यासाठी द्यावे, अशी कर्नाटकाची योजना. नरगुंद व नवलगुंद भागांतील शेतकऱ्यांनी त्यासाठी दीर्घकाळ आंदोलन केले. त्यांची तहान खोटी नाही, हे गोव्याची बाजू घेणाऱ्यानेही मान्य केले पाहिजे.

२०१० साली नेमलेल्या म्हादई लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निर्णय दिला. ७५ टक्के विश्वासार्हतेने नदीचे पाणी १८८.०६ अब्ज घनफूट धरण्यात आले. कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ व महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी मिळाले. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ अब्ज घनफूट जलविद्युतनिर्मितीसाठी असून प्रत्यक्ष खोऱ्याबाहेर वळविण्यास परवानगी मिळाली ती ३.९ अब्ज घनफुटांना. त्यांपैकी १.७२ कळशाचे व २.१८ भांडुऱ्याचे. निर्णयाची अधिसूचना फेब्रुवारी २०२० मध्ये निघाली. तथापि तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

३.९ हा आकडा १८८.०६ च्या जेमतेम दोन टक्के भरतो. एवढ्या अल्प भागासाठी एवढा कलह कशासाठी, असे पुष्कळांस वाटते. परंतु ही टक्केवारी संपूर्ण खोऱ्याच्या वार्षिक बेरजेशी काढलेली आहे. ज्या नाल्यावर बांध पडतो त्याच्या पात्रात, बांधाच्या लगत खाली, घट किती होईल हे त्या दोन टक्क्यांवरून समजत नाही. भीमगड व म्हादई ह्या दोन अभयारण्यांचे जंगल ह्याच वरच्या प्रवाहांभोवती आहे. आंबोलीच्या कुंडातील माशास जसे कृष्णेच्या ५६० अब्ज घनफुटांशी काही देणेघेणे नाही, तसेच येथेही समजावे.

दुसऱ्या टोकास खाडी आहे. गोव्याची खाजणे, म्हणजे बांध व मानशींच्या दारांनी भरतीचे पाणी आवरून केलेली खाऱ्या दलदलीतील शेती, गोड्या व खाऱ्या पाण्याच्या तोलावर टिकून आहेत. नदीचे गोडे पाणी समुद्रापर्यंत पोहोचते म्हणूनच भरतीचा खारेपणा मर्यादेत राहतो. खाडीतील मासळी, खुबे व कांदळवन ह्यांचे जीवनही त्यावर अवलंबून असते. समुद्रास मिळालेले पाणी ‘वाया’ गेले असे म्हणणाऱ्याने खाजणाचा शेतकरी व खाडीतील मासेमार ह्यांना हिशेबाबाहेर ठेवलेले असते.

५. दोन्ही दिशांचे ‘अतिरिक्त’ पाणी

अखिल भारतीय पातळीवर ह्या विचाराची परंपरा परिचित आहे. डॉ. के. एल. राव ह्यांची १९७२ ची गंगा-कावेरी जोडणीची कल्पना, १९८० ची राष्ट्रीय परिप्रेक्ष्य योजना व तिच्या अभ्यासासाठी १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय जलविकास संस्था हे तिचे मुख्य टप्पे होत. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी पूर्वेस वळविणे हा ह्या योजनेच्या द्वीपकल्पीय भागाचा एक घटक आहे. महाराष्ट्रातही उल्हास व वैतरणा खोऱ्यांतील पाणी उपसून गोदावरीच्या तुटीच्या खोऱ्यात नेण्याचे प्रस्ताव आहेत. नार-पार-गिरणा योजनेस राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली.

एकाच पर्वताच्या पूर्व उतारावरील पाणी एक शतकभर पश्चिमेस आणले गेले आणि आता पश्चिम उतारावरील पाणी पूर्वेस नेण्याचा विचार होत आहे. दोन्ही वेळी मूळ ठिकाणी ते ‘अतिरिक्त’ होते. विजेची गरज असताना भीमा-कृष्णेचे पाणी अतिरिक्त ठरले; मराठवाड्याची तहान तीव्र झाली तेव्हा कोकणचे. ‘अतिरिक्त पाणी’ ही नदीची स्वाभाविक अवस्था नसून, त्या त्या काळी गरज मांडणाऱ्याने केलेला हिशेब आहे, असा निष्कर्ष ह्यावरून काढावा लागतो.

अन्य देशांच्या अनुभवावरून ह्यास पुष्टी मिळते. ऑस्ट्रेलियातील स्नोई योजनेत १९४९ ते १९७४ ह्या काळात पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी पर्वतापलीकडे सिंचनासाठी वळविण्यात आले. जिंडाबाईन धरणाखाली मूळ प्रवाहाचा जवळजवळ एकच टक्का उरला. पुढे त्यातील काही पाणी नदीस परत देण्याची व्यवस्था २००२ पासून करावी लागली. आपल्याकडे पेरियारचे पाणी १८९५ पासून पूर्वेस वळविले जात आहे आणि १८८६ च्या कराराने निर्माण झालेला वाद आजही शमलेला नाही. पाणी वळविणे काही वर्षांत साधते. ते परत देण्यास पिढ्या लागतात, कारण दरम्यान त्या पाण्यावर शेती, शहरे व हक्क उभे राहिलेले असतात.

६. जोखमीचे स्वरूप

ह्या इतिहासावरून परिसरास पोहोचणाऱ्या जोखमीची चार अंगे सांगता येतील. पहिले, उगमाकडील झऱ्यांचा व नाल्यांचा क्षय, ज्याचा वार्षिक सरासरीत मागमूसही लागत नाही. दुसरे, घेणाऱ्या नदीच्या ऋतुचक्रात होणारा बदल. तिसरे, खाडीतील गोड्या-खाऱ्या पाण्याच्या तोलाचा भंग. चौथे, वेगवेगळ्या खोऱ्यांतील जीवजातींचे मिश्रण. लक्षावधी वर्षे जलविभाजकाने वेगळी ठेवलेली खोरी ही जणू निरनिराळी बेटे होत. ह्या वेगळेपणातूनच विशिष्ट प्रवाहापुरत्या मर्यादित अशा माशांच्या जाती घडल्या. बोगदा हा त्या बेटांमधील पूल ठरतो. एखादी आगंतुक जात वा रोग त्यावाटे आल्यास तो परत घालविण्याचा उपाय नाही.

ह्यांत पाचव्या अंगाची भर अलीकडे पडली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी अन्य सहकाऱ्यांसह २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नद्याजोडामुळे वाढणाऱ्या सिंचनाचा परिणाम वातावरणावर होऊन आधीच पाणीटंचाई असलेल्या काही प्रदेशांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो. हे अनुमान प्रतिमानांवर आधारलेले आहे. तरीही खोरी जमिनीवर वेगळी असली तरी आकाशात ती परस्परांशी बांधलेली असतात, हा त्यातील मुद्दा दुर्लक्षणीय नाही.

प्रा. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटात नद्यांचे पाणी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात यापुढे वळवू नये अशी शिफारस केली होती. तिच्यावर विकासविरोधाचा आक्षेप घेण्यात आला. पिण्याच्या पाण्याची निकड असलेल्या प्रदेशास सरसकट नकार देणे न्याय्य नव्हे, हे त्या आक्षेपातील तथ्य मान्य करावे लागेल. परंतु मान्यता देतानाही प्रश्नांचा क्रम बदलणे आवश्यक आहे. आजवर प्रथम ‘किती पाणी शिल्लक आहे’ असे विचारले गेले व परिणामांची चौकशी मागाहून झाली. यापुढे प्रथम घेणाऱ्या खोऱ्याने आपल्या पाण्याचा वापर कसा केला आहे, विशेषतः तेथे ऊस किती व पिण्यास किती, हे पाहावे. त्यानंतर देणाऱ्या नदीस महिन्यामहिन्याला किती पाणी लागते हे ठरवावे. आणि त्यातून काही उरत असेल तरच वाटपाकडे वळावे.

७. उपसंहार

ह्या कामात इतिहासाच्या अभ्यासकांनी करण्याजोगे पुष्कळ आहे. लवादांपुढील कागदपत्रे राज्यांच्या बाजू सांगतात. झऱ्यांची बाजू सांगणारी साधने मात्र विखुरलेली आहेत. जुनी गॅझेटियरे, संस्थानी महसुली दप्तरे, पर्जन्यमापनाच्या नोंदवह्या, देवस्थानांच्या कुंडांविषयीचे रिवाज, गावांतील पाणवठ्यांची व शेतांची नावे आणि वृद्धांच्या आठवणी ह्यांतून कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, हे बऱ्याच अंशी उभे करता येईल. असा तपशील हाती नसताना निर्णय करणाऱ्यास वार्षिक बेरजेखेरीज अन्य आधार उरत नाही, आणि त्या बेरजेत हिरण्यकेशीचे कुंड कधीच दिसणार नाही.

आंबोलीच्या माथ्यावरील पाणी पूर्वेस जाते ते आजरा-गडहिंग्लजच्या शेतांना आणि पश्चिमेस जाते ते तळकोकणच्या माडा-पोफळींना व खाड्यांना. दोन्ही वाटांवर कोणी ना कोणी त्याची वाट पाहत असते. अशा पाण्यास वाया जाणारे म्हणण्यापूर्वी ते कोणाच्या हिशेबाने वाया जाते, हे सांगण्याची जबाबदारी ते वळवू इच्छिणाऱ्यावर आहे.